जुनी वायरिंग आणि स्मार्ट स्विच

साध्या स्विचला स्वतःसाठी वीज लागत नाही. फेजची तार त्यात येते आणि खटका दाबला की पुढे दिव्याकडे जाते, एवढेच त्याचे काम. स्मार्ट स्विचमधला वाय-फायचा भाग मात्र दिवा बंद असतानाही जागा असतो आणि त्याला चोवीस तास थोडी वीज हवी असते. त्यासाठी फेजच्या जोडीला न्यूट्रलची तार लागते. जुन्या घरातली खरी अडचण इथेच आहे.

पूर्वी न्यूट्रल थेट दिव्यापर्यंत नेत आणि बोर्डात फक्त फेज उतरवत. तरीही आपल्याकडच्या घरांत अनेकदा नशीब साथ देते. हॉलमधल्या मोठ्या बोर्डावर दिवे-पंख्याच्या खटक्यांशेजारी पाच अँपियरचा प्लग असतो, आणि प्लग म्हटला की न्यूट्रल आलीच. बाथरूमबाहेरचा किंवा जिन्यातला एकट्या खटक्याचा बोर्ड मात्र बहुधा कोरडाच निघतो.

बोर्ड उघडल्यावर रंगांवर विसंबू नये. नियमाने लाल, पिवळी किंवा निळी तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची; पण जुन्या कामात हाताशी असलेले वेटोळे संपेपर्यंत तीच तार ओढलेली आढळते. टेस्टरही अर्धेच सांगतो. तो ज्या तारेवर पेटत नाही ती न्यूट्रल असेल, अर्थिंग असेल किंवा बंद दिव्याकडे जाणारी तारही असेल. मल्टीमीटर फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास दाखवतो, तसाच फेज आणि चांगल्या अर्थिंगमध्येही दाखवतो. त्यामुळे तार मेन बोर्डापर्यंत माग काढूनच ओळखावी लागते.

न्यूट्रलशिवाय चालणारे स्विचही मिळतात. ते आपल्यापुरता अगदी थोडा प्रवाह दिव्यातून सतत वाहू देतात. साठ वॅटच्या जुन्या बल्बला त्याचा पत्ताही लागत नसे. नऊ वॅटच्या एलईडीत मात्र हा प्रवाह आतल्या कपॅसिटरमध्ये साठतो, पुरेसा साठला की दिवा क्षणभर चमकतो आणि पुन्हा विझतो. रात्रभर लुकलुकणाऱ्या दिव्याचे कारण बहुधा हेच असते. काही कंपन्या यावर दिव्याला समांतर जोडण्याचा छोटा कपॅसिटर देतात. तो बसवला की बहुतेक वेळा काम भागते.

न्यूट्रल नसेल तिथे काही कारागीर ‘जुगाड’ म्हणून अर्थिंगलाच न्यूट्रल बनवतात. हे कधीही करू देऊ नये. कुठे अर्थिंगची तार तुटली, तर तिला जोडलेल्या फ्रिजच्या किंवा गीझरच्या अंगावर विजेचा दाब येऊ शकतो. शेजारच्या सर्किटमधून न्यूट्रल उसनी घेणेही महागात पडते. जाणारा आणि परतणारा प्रवाह जुळला नाही की आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखणारा स्विच, खाली पडतो. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपियरच्या फरकावर पडतो.

पंख्याचे प्रकरण वेगळे. वेग कमी-जास्त करणारा स्मार्ट स्विच बसवताना जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढावा लागतो. एकामागे एक दोन ठेवले की पंखा घुमघुमतो किंवा चालतच नाही. बीएलडीसी पंख्याला रेग्युलेटर मुळीच नको, त्याला फक्त चालू-बंद पुरते. दोन हजार वॅटचा गीझर जवळपास नऊ अँपियर प्रवाह घेतो, म्हणून त्याला दिव्याच्या नव्हे, १६ अँपियरच्या क्षमतेचाच स्विच लागतो.

हे सगळे तारा धडधाकट असतील तरच. लाकडी केसिंगमधून गेलेल्या जुन्या रबरी वेष्टनाच्या तारा वर्षानुवर्षे न हलवता ठीक चालतात, पण स्विच बसवताना वाकवल्या की वेष्टनाचे तुकडे पडतात आणि आतले तांबे उघडे पडते. अशा घरात आधी मेगर लावून ५०० व्होल्टवर वेष्टनाची चाचणी घ्यावी. रोध एक मेगाओहमपेक्षा कमी आला, तर तारा बदलण्याला पर्याय नाही.

वाय-फायची काळजी त्यामानाने किरकोळ. बहुतेक स्मार्ट स्विच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. दगडी भिंती आणि लोखंडी बॉक्स हा सिग्नल अडवतात, तेव्हा राउटर जवळ आणला की झाले.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, तेही मेन बंद करून. आणि घरात अजून किटकॅट फ्यूज असतील, अर्थिंग नसेल, तर पहिला खर्च एमसीबी, आरसीसीबी आणि अर्थिंगवर करावा. स्मार्ट स्विच त्यानंतर.