मेमरी कार्डातली गर्दी

जळगाव-धुळ्याकडे मोबाइलच्या दुकानांतून मेमरी कार्डावर गाणी भरून घेतली जात. अहिराणी लग्नगीते, डीजेची गाणी, हिंदी सिनेमा, सगळे एकाच फोल्डरात. कार्डावरून संगणकावर आणि पुन्हा कार्डावर करत हा पसारा वाढत जातो.

आवरायला घेण्याआधी सगळे दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावे. मग दुबार फायली. नावावरून त्या सापडत नाहीत. एकच गाणे ‘ट्रॅक ०१’ आणि ‘खान्देशी न्यू डीजे’ अशा दोन नावांनी बसलेले असते. ‘म्युझिकब्रेन्झ पिकार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर ध्वनीच्या ठशावरून गाणे ओळखते. त्याच्या सूचीत नोंदच नसलेल्या गाण्यापुढे मात्र त्याचे काही चालत नाही, तिथे कानच लावावा लागतो.

दोन प्रतींतली जड ती चांगली, असेही नाही. पाच मिनिटांचे गाणे सेकंदाला १२८ किलोबिट या दराने सुमारे ४.८ एमबी भरते, ३२० ला १२ एमबी. पण १२८ चे ३२० केले तर नुसती जागा जाते. गेलेला आवाज परत येत नाही.

सिनेमाची गाणी कुठेही पुन्हा मिळतात, ती बिनधास्त उडवावीत. श्रावणात कानबाई देवीच्या रोटाच्या सणाला घरच्या बायकांनी म्हटलेले, फोनवर टिपलेले गाणे खरखरीसकट ठेवावे आणि फाइलच्या नावात गाणारीचे नाव, गाव, साल घालावे.