तिकीट आणि बंदूक

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या आजोळी मामांकडे एक ठासणीची बंदूक होती. पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. वानरांना आणि डुकरांना तिचा धाक कितपत होता, देव जाणे. पण मामांचा तिच्यावर जीव होता. निवडणूक लागली की ठाण्यावरून निरोप येई, आणि मामा ती बंदूक गोणपाटात गुंडाळून, एस. टी. ने तालुक्याला जाऊन जमा करून येत. पावती फडताळात जपून ठेवत. निवडणूक म्हणजे बंदुका आत ठेवायचे दिवस, हे गणित माझ्या डोक्यात त्यामुळे पक्के बसलेले.

म्हणूनच २०१८ साली मुलीने अमेरिकेतून पाठवलेली एक जाहिरात पाहून मी चक्रावलो. जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागणारे ब्रायन केम्प खुर्चीत बसले आहेत, हातात बंदूक आहे, आणि शेजारी एक तरणाबांड पोरगा अवघडून बसला आहे. हा म्हणे त्यांच्या मुलीवर लट्टू झालेला! बंदुकीची नळी त्या पोराच्या रोखाने, आणि केम्पसाहेब त्याच्याकडून मुलीबद्दलचा आदर आणि शस्त्र बाळगण्याच्या हक्कावरची श्रद्धा वदवून घेत आहेत. मला वाटले, हा गृहस्थ आता निवडणुकीतून बाद होणार. तो जिंकला! अध्यक्ष ट्रम्प यांचा पाठिंबा मिळाला ही गोष्ट खरी, पण त्या जाहिरातीने काही बिघडले नाही, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे तिकीट दिल्लीत किंवा मुंबईत ठरते. तिथे ते पक्षाचे मतदार ठरवतात. आधी पक्षातल्या पक्षात निवडणूक, तिला ते प्रायमरी म्हणतात. तीत जिंकेल तो पक्षाचा उमेदवार. मूळचे बेळगावकडचे श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनमध्ये गव्हर्नरपदासाठी अशाच प्रायमरीत उतरून तिसरे आले होते, आणि २०२२ साली डेट्रॉइट भागातली प्रायमरी जिंकून संसदेत गेले. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी जिंकली की पुढची निवडणूक म्हणजे नुसता उपचार. असे मतदारसंघ अमेरिकेत फार. आणि गंमत अशी की, प्रायमरीला पाचांतला एक मतदार बाहेर पडला तरी पुष्कळ झाले. जो बाहेर पडतो तो कट्टर असतो. लाखोंचा प्रतिनिधी मूठभर कट्टर माणसे ठरवतात, आणि बंदूक हा त्यांपैकी पुष्कळांचा जिव्हाळ्याचा विषय.

हे सारे मला पुस्तकातून कळले असते तर विसरलोही असतो. पण २०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलीकडे होतो. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या दक्षिणेला तिचे घर. १४ मे, शनिवार. शहरातल्या किराणा-बाजारात सुमारे दोनशे मैलांवरून आलेल्या अठरा वर्षांच्या एका गोऱ्या पोराने दहा माणसे गोळ्या घालून मारली. दहाही जण काळे. बंदूक दुकानातून रीतसर घेतलेली. त्यानंतर दहाच दिवसांनी टेक्सासमधल्या युव्हाल्डी गावच्या शाळेत एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या.

नातू तेव्हा दुसरीत होता. त्या आठवड्यात शाळेतून आल्यावर तो आजीला अभिमानाने सांगत होता, "आज्जी, दिवे बंद करून आम्ही कोपऱ्यात बसलो होतो. मी अजिबात आवाज केला नाही. एकसुद्धा!" आमच्या सौ. ना आधी वाटले, काही खेळ असेल. मुलीने समजावून सांगितल्यावर त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्या भागाचे संसदेतले प्रतिनिधी होते ख्रिस जेकब्स. रिपब्लिकन. २७ मे रोजी त्यांनी जाहीर केले, की एआर-१५ सारख्या रायफलींवर बंदीचा कायदा आला तर आपण बाजूने मत देऊ. मुलगी म्हणाली, "बाबा, बघा, एकाला तरी वाटलं!" पुढच्या काही दिवसांत जे घडले ते मी रोज वर्तमानपत्रातून वाचत होतो. पाठिंबा देणारे पुढारी एकेक करून मागे सरले. ३ जूनला, म्हणजे बरोब्बर आठवड्याने, जेकब्स यांनी निवडणूक लढवत नसल्याचे सांगून टाकले. पक्षाच्या भूमिकेपासून ढळला त्याचा निकाल लागतो, अशा अर्थाचे ते बोलले. जुलैच्या अखेरीस बंदीचे विधेयक प्रतिनिधिगृहात २१७ विरुद्ध २१३ मतांनी मंजूर झाले, तेव्हा दोनच रिपब्लिकनांनी बाजूने मत दिले. त्यांतले एक जेकब्स. विधेयक सिनेटमध्ये अडले ते अडलेच.

समोरच्या घरात एक निवृत्त मेकॅनिक राहत. हरणाच्या शिकारीचे शौकीन, पक्के रिपब्लिकन. माणूस देवमाणूस! मला ते दोनदा मासे पकडायला घेऊन गेले होते. त्यांना मी भीतभीत विचारले, "तुम्ही हरणासाठी असली रायफल वापरता का?" म्हणाले, "छे! मला ती आवडतही नाही." मग जेकब्सवर राग का? त्यांनी गळ पाण्यात सोडला आणि म्हणाले, "आम्ही त्याला एक शब्द घेऊन पाठवलं होतं. आज हा शब्द फिरवला, उद्या दुसरा फिरवील."

मला वाटते, सगळी मेख इथे आहे. उमेदवाराचे बंदुकीविषयी मत काय, यापेक्षा तो आपल्यातला राहिला की नाही, हे प्रायमरीत पाहिले जाते. बंदूक ही त्या कुळाचाराची खूण. नॅशनल रायफल असोसिएशन ही १८७१ साली स्थापन झालेली संस्था उमेदवारांना शाळामास्तरासारखी 'ए' पासून 'एफ' पर्यंत श्रेणी देते. टेनेसी राज्यात डेब्रा मॅगार्ट या रिपब्लिकन आमदारबाई या संस्थेच्या आजीव सदस्य, श्रेणी अव्वल. कामगारांना मालकाच्या आवारात उभ्या केलेल्या मोटारीत बंदूक ठेवू द्यावी, या एका विधेयकाला त्यांनी वाट दिली नाही. एवढा एकच गुन्हा! २०१२ च्या प्रायमरीत त्याच संस्थेने विरोधकावर पैसा ओतून त्यांना घरी बसवले. आणि टोनी गोन्झालेस, ज्यांच्या मतदारसंघात ते युव्हाल्डी गाव येत होते? त्यांनी २०२२ चा सौम्यसा बंदूककायदा उचलून धरला, म्हणून त्यांच्याच पक्षाच्या राज्यशाखेने त्यांच्या निषेधाचा ठराव केला. २०२४ च्या प्रायमरीच्या दुसऱ्या फेरीत, बंदुकांच्या चित्रफिती करून नाव कमावलेल्या एका उमेदवाराशी झुंजून, ते सुमारे चारशे मतांनी कसेबसे वाचले.

डेमोक्रॅटिक पक्षात वारे उलटे वाहते, पण झाड तसेच वाकते. बर्नी सँडर्स यांचे व्हरमाँट हे शिकाऱ्यांचे राज्य. १९९० साली बंदीच्या बाजूला गेलेल्या रिपब्लिकन प्रतिस्पर्ध्यावर रायफलवाले रागावले, त्याचा फायदा सँडर्सना झाला आणि ते संसदेत गेले. पुढे बंदूक घेणाऱ्याची पूर्वचौकशी करणाऱ्या ब्रेडी कायद्याविरुद्ध त्यांनी मते दिली. २००५ साली बंदूक कारखानदारांना खटल्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याला मत दिले. व्हरमाँटला ते पटलेही असेल. पण २०१६ साली अध्यक्षपदाच्या प्रायमरीत हिलरी क्लिंटनबाईंनी नेमके तेच बाहेर काढले, आणि या करारी म्हाताऱ्याला तो संरक्षणाचा कायदा रद्द करण्याच्या बाजूने यावे लागले. ते हरले ते केवळ बंदुकीमुळे, असे म्हणणे भाबडेपणाचे. पण एका राज्यात जी पुण्याई, ती देशभरच्या प्रायमरीत पाप कशी ठरते, ते मात्र दिसले.

सगळेच बदलणारे बुडतात असेही नाही. मिट रॉम्नी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असताना २००४ साली त्यांनी असल्या रायफलींवरच्या बंदीवर सही केली, २००६ साली रायफल असोसिएशनचे आजीव सदस्यत्व घेतले, आणि पुढच्याच वर्षी आपण जन्मभराचे शिकारी असल्याचे सांगितले. चौकशीअंती शिकार दोनच वेळा निघाली! मग म्हणाले, लहानसहान प्राणी मारत असे. देश हसला. २०१२ साली उमेदवारी मात्र त्यांनाच मिळाली. पैसा, धीर आणि समोरचे प्रतिस्पर्धी हलके, इतके जुळून आले तर पक्ष विसरतोही. जेकब्सना सवड एकाच आठवड्याची मिळाली.

२३ ऑगस्टला तिथली प्रायमरी झाली. जेकब्स नव्हतेच, पक्षाच्या राज्यशाखेचे अध्यक्ष निक लँगवर्दी जिंकले. सकाळी शेजारी मत देऊन आले आणि परसातले टोमॅटो टोपलीभर देऊन गेले. मी मुलीला विचारले, "तू नाही गेलीस?"

"मला नाही येत, बाबा. इथं ज्या पक्षात नाव असेल त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. नागरिक झाले तेव्हा मी पक्षाचा रकाना कोराच ठेवला होता. म्हटलं, कशाला ती भानगड!"

आता नाव घालून पुढल्या खेपेला तरी मत दे, असे मी म्हणालो. तिने फॉर्म छापून आणला. कोणता पक्ष, यावर त्या रात्री जेवताना जावयांचा आणि तिचा वाद झाला. ती म्हणत होती, "मन जिथं आहे तिथं नाव घालायचं, की जिथं निकाल लागतो तिथं?" आम्ही ऑक्टोबरात परत निघालो तेव्हा तो फॉर्म फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली तसाच होता.