पोथ्यांची वाटखर्ची

संस्कृतची परिषद परदेशात कशाला, असे लोक विचारतात. उत्तर पोथ्यांत आहे. महाभारताच्या पोथ्या शारदा, बंगाली, तेलुगू, मल्याळम अशा नाना लिप्यांत विखुरलेल्या. त्या ताडून चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे पुण्याच्या भांडारकर संस्थेचे काम १९१९ साली सुरू झाले, ते १९६६ साली पुरे झाले. एकट्यादुकट्याचे ते काम नव्हतेच.

आज पोथ्यांसारखेच त्यांचे जाणकारही देशोदेशी पांगले आहेत. १९७२ साली दिल्लीत सुरू झालेली जागतिक संस्कृत परिषद त्यांना एकत्र आणते. २०२५ साली ती काठमांडूला भरली.

अशा परिषदेला मदत करायची, तर मांडवाआधी वाटखर्चीला करावी. जुनी लिपी वाचणारा एखादा तरुण तिकिटाअभावी घरी राहिला, तर त्याने वाचलेली पोथीही घरीच राहते.