बीटाला आधी प्लॅस्टिक, मग शिसं

जोगेश्वरीतली दहा बाय बाराची खोली डोळ्यांसमोर आणा. तिच्या एका कोपऱ्यात किरणोत्सारी फॉस्फरस-३२ उघडा ठेवला, तर त्यातले सर्वांत जोमदार बीटा कण थेट समोरच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीत अडकतील. (परवान्याशिवाय तो मिळत नाही, हे बरंच आहे.)

बीटा म्हणजे अणुकेंद्रातून सुटलेला इलेक्ट्रॉन. हवेतल्या अणूंना धक्के देत, भरकटत तो ऊर्जा गमावतो. तो किती लांब जाणार, हे सुटतानाच्या ऊर्जेवर ठरतं. ट्रिशियमचा बीटा हवेत जेमतेम ६ मिलिमीटर जातो, कार्बन-१४चा वीतभर. फॉस्फरस-३२ची कमाल ऊर्जा १.७१ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणून त्याची मजल सुमारे ६ मीटर. इट्रियम-९० तर ९ मीटरपर्यंत जातो. अर्थात हे कमाल आकडे झाले. बहुतेक कण कमी ऊर्जेने निघतात आणि अलीकडेच थांबतात.

तेव्हा ‘लांब उभे राहा’ हा सल्ला खरा असला, तरी खोलीत तेवढ्यावर भागत नाही. आड काहीतरी हवं. इथे वाटेत किती द्रव्य येतं, याला महत्त्व असतं. ६ मीटर हवेत जितकं द्रव्य, साधारण तितकंच ६ मिलिमीटर ॲक्रिलिकमध्ये असतं. म्हणून प्रयोगशाळांत सेंटिमीटरभर जाडीचा पारदर्शक ॲक्रिलिक पडदा लावतात. फॉस्फरस-३२ची कुपी मात्र चिमट्यानेच धरायची, कारण हा बीटा शरीरात ८ मिलिमीटरपर्यंत शिरतो आणि बोटांच्या कातडीला मोठी मात्रा मिळते.

मग शिसंच का नको? किरणोत्सार म्हटला की पहिलं नाव त्याचंच येतं. पण जड अणुकेंद्राजवळून जाताना इलेक्ट्रॉन झटक्यात वळतो, मंदावतो, आणि गमावलेल्या ऊर्जेचा काही भाग क्ष-किरण होऊन बाहेर पडतो. फॉस्फरस-३२च्या बाबतीत शिशात हा वाटा अंदाजे ५ टक्के, ॲक्रिलिकमध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी. क्ष-किरण पातळ आडोशाला जुमानत नाहीत. म्हणून स्रोताकडे प्लॅस्टिक, आणि स्रोत मोठा असेल तर त्याच्या पलीकडे शिसं. क्रम उलटा केला तर आपणच क्ष-किरण तयार करतो.

मुंबईत हा विषय पुस्तकी नाही. तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत गंधकावर न्यूट्रॉनांचा मारा करून फॉस्फरस-३२ बनवला गेला आहे. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांच्या छातीवर भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेला, किरणोत्साराची मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज असतो. त्यात तीन चकत्या असतात. एक धातूच्या गाळणीखाली, दुसरी प्लॅस्टिकखाली आणि तिसरी उघडी. बीटाचा हिशेब लागतो तो या तिन्हींच्या नोंदींतल्या फरकावरून.