ग्रहणाचा डाग

ठाण्यात माजिवड्यापासून गायमुखापर्यंत घोडबंदर रस्त्याच्या दुतर्फा गगनचुंबी इमारतींचे अरण्य उभे राहिले, तरी त्यांतील स्वयंपाकघरांतून एक जुना दंडक अद्याप बेदखल झालेला नाही : ग्रहण लागले असता गर्भवतीने विळीला हात लावू नये. पुढे बालकाच्या गालावर वा मांडीवर जांभळा, फुगीर डाग दिसला, की आप्तेष्टांची पहिली चौकशी आईच्याच वर्तनाची होते. विज्ञानाने या खटल्यात तिला केव्हाच निर्दोष ठरविले आहे. निकालाची नक्कल मात्र घरोघर पोहोचलेली नाही.

मलिकन व ग्लोवाकी या बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये अशा डागांची दोन जातींत वाटणी केली. हिमँजिओमा जन्मानंतर झपाट्याने वाढतो आणि पुढे आपण होऊन ओसरतो; त्याच्यावर प्रोप्रानोलॉल हे हृदयविकाराचे जुने औषध गुणकारी ठरल्याचे 2008 साली फ्रान्समधील बोर्दो येथे, हृदयाच्या तक्रारीसाठी ते दिलेल्या बालकाची गाठ विझू लागल्यामुळे, जवळजवळ अपघातानेच उमगले. दुसरी, वाहिन्यांच्या विकृतींची जात अधिक हट्टी. तिच्यात रक्तवाहिन्यांची वा लसीकावाहिन्यांची घडणच सदोष असते, ती मुलाबरोबर वाढते आणि ओसरण्याचे नाव घेत नाही.

अशा अनेक विकृतींच्या मुळाशी गर्भधारणेनंतर, गर्भातल्या एखाद्याच पेशीत, पीआयके3सीए या जनुकात झालेला बदल असतो. तो वडिलोपार्जित नसतो. माता-पित्यांच्या रक्तात शोधू गेल्यास सापडतही नाही. ‘वाढ’ हा हुकूम एकदा सुटला, की त्या पेशीच्या वंशजांत तो मागे घेतलाच जात नाही.

या हुकमाची पुढील वाट अडविणारे सिरोलिमस हे औषध मात्र अतिदूरच्या मातीतून आले. पॅसिफिक महासागरातील रापा नुई बेटावर 1964 मध्ये निघालेल्या कॅनेडियन मोहिमेने आणलेल्या मातीतील एका जंतूपासून सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने माँट्रियलमध्ये ते वेगळे काढले आणि 1975 मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. प्रयोगशाळा बंद पडण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी ते जंतू घरच्या शीतपेटीत सांभाळले, ही हकीकत मला औषधाच्या गुणाइतकीच मोलाची वाटते. मूत्रपिंड-रोपणासाठी 1999 मध्ये मान्य झालेल्या या औषधाची वाहिन्यांच्या विकृतींवर चाचणी झाली. 2016 च्या अहवालानुसार, सहा महिन्यांनंतर तपासलेल्या 57 रुग्णांपैकी 47 जणांना अंशतः उतार पडला, पूर्णतः एकालाही नाही. तोंड येणे, जंतुसंसर्ग हे उपद्रव आहेत, रक्तातील प्रमाण वरचेवर मोजावे लागते, आणि औषध थांबविले की विकार पुष्कळदा पुन्हा डोके वर काढतो.

थेट त्या जनुकाच्या उत्पादनावरच घाला घालणारे अल्पेलिसिब 2018 मध्ये पॅरिसचे वैद्य कानो यांनी 19 रुग्णांवर वापरले, आणि एप्रिल 2022 मध्ये अमेरिकेने ते दोन वर्षांच्या व त्यावरील रुग्णांसाठी मान्य केले.

असा डाग असलेल्या मुलाच्या घरच्यांनी गाठीला सुरी लागण्यापूर्वी तिची जात कोणती ते वैद्यांकडून निश्चित करून घ्यावे, मुंबईत परळच्या वाडिया बालरुग्णालयापर्यंतचा हेलपाटा टाळू नये, आणि आईची उलटतपासणी आजच बंद करावी.