‘पॉलिटिक’ : शहाणपण आणि कावा यांच्या सीमेवरील शब्द

‘पॉलिटिक’ हे इंग्रजी विशेषण म्हणजे ‘पॉलिटिकल’चे संक्षिप्त रूप असावे, असा समज सहज होतो. वस्तुतः दोहोंपैकी ‘पॉलिटिक’ हाच शब्द जुना. नगरराज्य या अर्थाच्या ‘पोलिस’ या ग्रीक शब्दापासून निघालेले हे विशेषण लॅटिन व फ्रेंच भाषांच्या द्वारे पंधराव्या शतकात इंग्रजीत आले. ‘राज्यकारभारविषयक’ हाही तेव्हा त्याचा एक अर्थ होता. पुढच्या शतकात ‘पॉलिटिकल’ हा शब्द आला आणि त्याने तो अर्थ हळूहळू स्वतःकडे घेतला. ‘बॉडी पॉलिटिक’, म्हणजे राज्यरूपाने संघटित झालेला समाज, या प्रयोगात तेवढा तो शिल्लक आहे. ‘पॉलिटिक’कडे राहिला तो कुशल राज्यकर्त्याच्या अंगचा गुण : परिणाम हेरून, वेळ पाहून, शक्यतो कोणाला न दुखवता इष्ट ते साधणे.

वरिष्ठाची चूक भरसभेत न दाखवता मागाहून एकांतात सांगणे ‘पॉलिटिक’ ठरते. ती भरसभेत दाखवणे ‘इम्पॉलिटिक’. परंतु ‘इम्पॉलिटिक’ म्हणजे असत्य किंवा अन्याय्य नव्हे. बोलणे अक्षरशः खरे असूनही इम्पॉलिटिक असू शकते. हा शब्द कृतीचे फळ जोखतो. तिच्या नीतिमत्तेविषयी तो मौन पाळतो.

या मौनाचा अर्थ एका प्रसंगावरून उमगतो. स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी हिला देहान्त शासन द्यावे, अशी मागणी इंग्लंडच्या पार्लमेंटने 1586 मध्ये केली. राणी पहिली एलिझाबेथ हिने होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. फेब्रुवारी 1587 मध्ये तिने आज्ञापत्रावर सही केली. मंत्रिमंडळाने ते तिला न कळवता रवाना केले आणि मेरीचा शिरच्छेद झाला. तेव्हा, आज्ञापत्र हातचे सोडू नये असे आपण बजावले होते, असे म्हणून एलिझाबेथने सचिव विल्यम डेव्हिसन याच्यावर ठपका ठेवला. त्याला कारावास व जबर दंड झाला. राणीचे वर्तन ‘पॉलिटिक’ होते, यात शंका नाही. पण त्याची किंमत दुसऱ्यानेच मोजली.

म्हणूनच या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द पुरत नाही. व्यक्तीविषयी ‘धोरणी’ किंवा ‘मुत्सद्दी’, कृतीविषयी ‘समयोचित’ किंवा ‘शहाणपणाचे’ हे शब्द चालतात. कोठे ‘कावेबाज’ही म्हणावे लागते. ‘राजकीय’ मात्र सहसा चालत नाही. यांपैकी कोणता शब्द योजावा, हे कोश सांगू शकत नाही. त्या चातुर्याचा लाभ कोणाला झाला आणि भार कोणावर पडला, हे पाहूनच ते ठरवावे लागते.