बालाघाटच्या डोंगरात सायकल: धंदा वाटेवर नाही, वाटेच्या टोकाला आहे



गावाजवळ डोंगर आहे, झाडी आहे, शहरातली मुलं रविवारी महागड्या सायकली घेऊन तिकडे येतात. मग प्रश्न पडतोच, "सर, यात आपला काही धंदा बसतो का?" आजचा लेख त्यावरच. माउंटन बायकिंग, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर सायकल चालवणं. सोलापूर जिल्ह्यात आणि त्याच्या कडेला हे जमेल का, किती पैसे लागतील आणि कुठे हात पोळेल, ते सगळं बघू.

आधी ही गोष्ट सुरू कशी झाली?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन भागात टमालपाइस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथली तरुण मंडळी जाड टायरच्या जुन्या सायकली भंगारातून उचलून डोंगरावरून खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली शर्यत लावली, तिचं नाव 'रिपॅक'. उतार इतका तीव्र होता की मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि दर वेळी नवीन ग्रीस भरावं लागायचं, म्हणून रिपॅक.

जुन्या सायकली मोडायला लागल्या, तेव्हा जो ब्रीझ याने १९७७ मध्ये खास या कामासाठी फ्रेम बनवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी 'माउंटनबाइक्स' नावाने कंपनीच काढली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने 'स्टम्पजंपर' बाजारात आणली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पोहोचला.

यात आपल्या कामाची गोष्ट कोणती? त्या पोरांनी डोंगर विकला नाही. डोंगरावर जाणाऱ्याला जे लागतं ते विकलं. दुसरी गोष्ट पण लक्षात ठेवा. त्याच डोंगरावरच्या अनेक अरुंद पायवाटा पुढे सायकलला बंद झाल्या, कारण पायी जाणाऱ्यांशी खटके उडायला लागले. वाट सगळ्यांची असते. हे ज्याला कळलं नाही त्याचा धंदा वाटेसकट बंद होतो.

सोलापूरकडे काय आहे?

सोलापूर म्हटलं की सपाट माळ डोळ्यासमोर येतो. पण बार्शीच्या पूर्वेला गेलात की बालाघाटचे डोंगर लागतात. येडशीजवळचा रामलिंग घाट, पानझडी झाडी, श्रावणात गर्दी होणारं महादेवाचं देऊळ. तिकडे माळशिरस तालुक्यात नातेपुत्याच्या बाजूला शंभू महादेवाची डोंगररांग आहे. सह्याद्रीसारखे कडे नाहीत, पण नवशिक्याला कडे नकोच असतात.

आणि आपल्याकडे एक गोष्ट अशी आहे की जी सह्याद्रीकडे नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, सोलापुरात साधारण साडेपाचशे. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर चिखलाने चाक फिरत नाही. आपल्याकडचा मुरूम पाणी पिऊन लवकर वाळतो. म्हणजे हिरवाई पण मिळते आणि सायकल पण चालते. जुलै ते फेब्रुवारी हा आपला हंगाम धरा. मार्चनंतर ऊन असं तापतं की सकाळी नऊनंतर माणूस बाहेर काढणं धोक्याचं.

गिऱ्हाईक कोण?

इथे बरेच जण चुकतात. "पुण्याचे लोक येतील" असं धरून चालतात. पुण्याच्या माणसाच्या दारात सह्याद्री आहे, तो अडीचशे किलोमीटर कशाला येईल? तुमचं गिऱ्हाईक सोलापूर शहर, बार्शी, धाराशिव आणि लातूर इथलं. डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतले लोक, कॉलेजची मुलं. सकाळी निघून दुपारी घरी परत जाता येईल, इतकंच अंतर ठेवा.

वाट कुठून न्यायची? इथे सगळ्यात जास्त जपा

• अभयारण्यात स्वतःहून घुसायचं नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचं आहे, येडशीचं रामलिंग घाट हेही अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही. नान्नजचा माळ मोकळा दिसतो, पण तो काळवीट, लांडगा आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचं घर आहे.

• वनखात्याच्या जमिनीवर नवीन वाट खोदणं हा गुन्हा आहे. आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिला सोबत घ्या.

• गायरानातून जायचं असेल तर ग्रामपंचायतीला विचारा. गुराखी आणि मेंढपाळ यांचीही ती वाट आहे.

• सुरुवात करायला सगळ्यात बरं काय? स्वतःचं शेत, शेजाऱ्याची पडीक टेकडी, पाणंद, शिवरस्ता, जुनी गाडीवाट. खाजगी जमिनीच्या मालकाला माणशी ठरलेली रक्कम द्या आणि ती लेखी करा. फुकटात दिलेली वाट दुसऱ्या वर्षी बंद होते.

चांगली वाट म्हणजे काय?

वाट बनवणाऱ्यांचे जगभर मानलेले काही नियम आहेत, आणि शेतकऱ्याला ते लगेच कळतील, कारण सगळा खेळ पाण्याचा आहे. वाटेचा सरासरी चढ दहा टक्क्यांपर्यंत ठेवायचा, म्हणजे १०० मीटर लांबीत १० मीटर उंची. टेकडीच्या उताराच्या निम्म्यापेक्षा वाटेचा उतार कमी पाहिजे. मधून मधून वाट थोडी वर-खाली न्यायची आणि बाहेरच्या बाजूला किंचित कलती ठेवायची, म्हणजे पाणी वाटेवरून न वाहता बाजूला पडतं. सरळ खाली उतरणारी वाट दोन पावसांत ओढा होते.

आपल्याकडची आणखी एक अडचण: पाणलोटाच्या कामात टेकड्यांवर सलग समतल चर खोदलेत. गवत वाढलं की ते दिसत नाहीत आणि पुढचं चाक आत जातं. हंगामाआधी प्रत्येक चर चुन्याने खूण करून ठेवा.

आणि काटे! बाभूळ, बोर, सराटे. आपल्या भागात पंक्चर नाही झालं तरच नवल. टायरमध्ये सीलंट भरून देणं हीच एक सेवा होऊ शकते. गावातल्या पंक्चरवाल्याला सोबत घ्या, त्याला कामाला लावा.

आता गणित

आकडे उदाहरणासाठी आहेत, तुम्ही तुमच्या गावचे टाका.

पद्धत पहिली: ६ सायकली विकत घेऊन भाड्याने.
सायकली ६ × २२,००० = १,३२,०००. हेल्मेट ६ × १,२०० = ७,२००. अवजारं, पंप, ट्यूब, सीलंट, प्रथमोपचार पेटी १५,०००. एकूण १,५४,२०० रुपये.
माणशी ७०० रुपये घेतले. त्यात न्याहारी १५०, वाटाड्या १००, दुरुस्ती ८०, जमीनमालक ५०, विमा व इतर ४०. खर्च ४२०, उरले २८०.
हंगामात ३० आठवडे, दर आठवड्याला ८ जण, म्हणजे २४० फेऱ्या. शिल्लक ६७,२०० रुपये.
म्हणजे भांडवल सुटायला दोन हंगामांहून जास्त. तोवर सायकली जुन्या होतात. कर्ज काढून हे केलं तर हप्ता तुम्हाला खाईल.

पद्धत दुसरी: ज्यांच्याकडे सायकल आहे त्यांनाच बोलवा.
भांडवल समजा २५,०००: अवजारं, सीलंट, प्रथमोपचार, दिशादर्शक खुणा.
माणशी ४५०, खर्च ३४०, उरले ११०. २४० फेऱ्यांचे २६,४००.
वर शेंगा चटणी, कडक भाकरी, ज्वारीचं पीठ विकलं आणि माणशी ६० सुटले तर १४,४००. एकूण ४०,८००.
वाटाड्या तुम्ही स्वतः असाल तर त्याचे २४,००० वेगळे.

भांडवल पहिल्याच हंगामात मोकळं. पण खरं सांगतो, एवढ्यावर घर चालत नाही. शेतीला किंवा दुकानाला जोड म्हणून हा धंदा ठीक आहे. नोकरी सोडून यात उडी मारू नका.

मग वाढवायचं कसं?

हुरड्याला जोडा. डिसेंबर ते फेब्रुवारीत आपल्याकडे लोक हुरडा खायला शेतावर येतातच. सकाळी सायकल, नंतर हुरडा, दुपारी जेवण. गिऱ्हाईक तेच, कमाई दुप्पट होऊ शकते. बायको-मुलं सोबत येतात, त्यांना सायकल नको असते, त्यांना हुरडा पाहिजे.

न्यूझीलंडमध्ये ओटागो भागात १९९० मध्ये एक रेल्वे लाईन बंद पडली. तिच्या रूळाखालच्या जागेवर सुमारे १५० किलोमीटरची सायकल वाट केली आणि २००० मध्ये ती पूर्ण खुली झाली. वाटेवर तिकीट नाही. पैसा कोणाकडे गेला? वाटेवरच्या छोट्या गावांतल्या खानावळी, घरगुती मुक्काम आणि सामान पोहोचवणाऱ्या गाड्यांकडे. आपल्याकडे १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाईट रेल्वे पुढे ब्रॉडगेज झाली, पण स्टेशनातल्या चहावाल्याचं गणित तेच राहिलं: माणूस थांबतो तिथे पैसा थांबतो.

कागदपत्रं

उद्यम नोंदणी मोफत आहे, करून टाका. अन्न विकणार असाल तर एफएसएसएआय नोंदणी. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आणि साहसी पर्यटन धोरण २०२१ चं आहे. दोन्हींची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते, तिथे तुमचा उपक्रम कशात बसतो ते विचारा. अपघात विमा घ्याच. सही केलेला फॉर्म म्हणजे संरक्षण नव्हे. हेल्मेट न देता माणूस पाठवला तर निष्काळजीपणा तुमचाच.

या आठवड्याचं काम

१. गावाभोवतीची १० किलोमीटरची पाणंद-गाडीवाट पायी चालून या. प्रत्येक तुकडा कोणाच्या मालकीचा ते वहीत लिहा.
२. जवळच्या शहरातल्या सायकल दुकानात जाऊन विचारा, गिअरच्या सायकली महिन्याला किती जातात आणि कोण घेतं.
३. पाच सायकलवाल्यांना एका रविवारी बोलवा. पहिल्या फेरीलाच पैसे घ्या, कमी घ्या पण घ्या. पैसे द्यायची वेळ आल्यावर पाचातले किती येतात, ते तुमचं खरं मार्केट.

तीन आले तर पुढचं पाऊल टाका. एकही आला नाही तर तुमचे दीड लाख वाचले असं समजा आणि हुरड्याकडे वळा.